पापण्यांच्या बाटलीत डोळ्यांचं औषध

माझे दोन डोळे आता दोन रंगांचे आहेत. डावा अजून घारा आहे, माहेरच्या आम्हा सगळ्या भावंडांसारखा. उजवा तपकिरी झालाय. ओळखीच्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण साठी उलटलेल्या बाईच्या डोळ्यांत कुणी निरखून बघत नाही. आधार कार्डाचा फोटो काढणाऱ्या मुलाने मात्र विचारलं, "मावशी, एकाच डोळ्यात लेन्स घातलीय का?" लेन्स नाही. लहानपणी उजव्या डोळ्याला विटी लागली होती. त्या इजेने पुढे कित्येक वर्षांनी काचबिंदूचं रूप घेतलं, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्या डोळ्यात रोज रात्री झोपताना मी लॅटानोप्रोस्टचा एक थेंब घालते. डाव्या डोळ्याचा दाब ठीक आहे, त्यामुळे त्याला औषध नाही.

औषधाने नुसता रंग बदलला नाही. उजव्या पापणीचे केस डाव्यापेक्षा लांब, जाड आणि काळे झालेत, चष्म्याच्या काचेला घासतात. त्या पापणीची कातडी सावळी पडलीय. शिवाय भुवईच्या हाडाखाली एक खळगा पडलाय, तो डाव्या बाजूला नाही. यातलं काहीच मला अवचित कळलेलं नाही. औषध सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या मागे डोळ्याचं चित्र काढून सगळं समजावलं होतं. रंग बदलेल, बहुतेक कायमचा बदलेल, घाऱ्या डोळ्यात जास्त उठून दिसेल, पण दाब उतरेल. मी हो म्हटलं. नजर वाचत असेल तर रंगाचं काय घेऊन बसायचं?

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मी डी. फार्म. आहे आणि डोंबिवलीत आमचं औषधांचं दुकान आहे. आता मुलगा आणि सून बघतात, मी संध्याकाळी गल्ल्यावर बसते. तुळशीचं लग्न लागलं की नवऱ्यामुली दुकानात दिसायला लागतात. कुणाला मुरमांचं क्रीम हवं असतं, कुणाला केसगळतीच्या गोळ्या. मागच्या मोसमात ओळखीच्या घरातली एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकू, डोळे लाल होतायत, चुरचुरतायत. काहीतरी थेंब द्या." डोळ्याला काय लावतेस, हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिने पर्समधून सोनेरी रंगाची बारीक नळी काढली. पापण्यांचे केस वाढवणारं सीरम. आयलायनरसारखा ब्रश, रोज रात्री वरच्या पापणीच्या कडेला एक रेघ ओढायची. समाजमाध्यमावरच्या एका पानावरून मागवलेलं, पार्लरवालीने सुचवलेलं. पापण्या खरंच वाढल्या होत्या, अगदी माझ्या उजव्या डोळ्यासारख्या.

खोक्यावरची अक्षरं मुंगीएवढी. भिंग घेऊन वाचली. पाणी, ग्लिसरीन, पँथेनॉल, बायोटिन, दोन-तीन वनस्पतींचे अर्क आणि अगदी शेवटी आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टिनेट. मुलीला विचारलं, यातलं पापण्या वाढवणारं कोणतं? तिने बायोटिनवर बोट ठेवलं. तिचा काय दोष? खोक्याच्या दर्शनी भागावर बायोटिनच ठळक छापलं होतं आणि शेजारी हिरवं पान काढलं होतं. प्रसाधनाच्या खोक्यावर घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असतात. एक टक्क्याच्या आतले घटक मात्र कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. म्हणजे ज्याच्या जोरावर ही नळी विकली जाते, ते नाव कायद्याला धरूनच तळाशी ढकलता येतं.

त्या शेवटच्या नावाचं मूळ क्लोप्रोस्टिनॉल. हे नाव मला डोळ्यांच्या औषधांतून ओळखीचं नाही, गुरांच्या औषधांतून आहे. माझा मामेभाऊ सांगलीकडे गुरांचा डॉक्टर आहे. गाय वेळेवर माजावर येत नसेल तर तो हे इंजेक्शन देतो, दोन-तीन दिवसांत गाय माजावर येते. दुधाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे इंजेक्शन माहीत असतं. मात्रा किती? चारशे-पाचशे किलोच्या गाईला अर्धा मिलिग्रॅम. या औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात एक इशारा असतो. ते कातडीतून चटकन शोषलं जातं, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ते फार जपून हाताळावं. गर्भपात होऊ शकतो, श्वासनलिका आकसू शकते. मामेभाऊ हातमोजे घालून सुई भरतो आणि मदतीला घरातली सूनबाई पुढे आली तर तिला मागे सारतो.

त्या मुलीच्या नळीतलं आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टिनेट हे या क्लोप्रोस्टिनॉलचंच एस्टर. शरीरात एस्टर तुटलं की मूळ औषध मोकळं होतं. सीरममधली मात्रा इंजेक्शनच्या मानाने फारच थोडी असते हे मला मान्य आहे, आणि सीरममुळे गर्भपात होतो असं मी म्हणत नाही. पण गोठ्यात हातमोजे घालून हाताळायची वस्तू लग्न ठरलेल्या मुलीच्या ड्रेसिंग टेबलावर येते आणि खोक्यावर त्याबद्दल एक ओळसुद्धा नसते, हे कोणत्या हिशेबात बसतं?

माझं लॅटानोप्रोस्ट आणि हे क्लोप्रोस्टिनॉल, दोन्ही प्रोस्टाग्लँडिनच्या कुळातली. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे आपल्या शरीरातच जागच्या जागी तयार होणारे, स्निग्धाम्लांपासून बनलेले निरोपे. बाळंतपणात कळा आणणं, सूज आणणं, रक्तवाहिन्या रुंद करणं किंवा आकसवणं अशी कितीतरी कामं त्यांच्याकडे असतात. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३० च्या दशकात त्यांना नाव दिलं. पुढे बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना या विषयातल्या कामासाठी १९८२ चं नोबेल मिळालं. आमच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये या कुळातली औषधं कायम असतात. समोरच्या प्रसूतिगृहाला कळा आणण्यासाठी लागणारं जेल यांचंच, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शनही यांचंच. नाव सौम्य वाटलं तरी कुळ दांडगं आहे.

डोळ्यांकडे हे कुळ वळलं ते कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांच्यामुळे. जास्त मात्रेत डोळ्याला सूज आणणारे हे पदार्थ अगदी थोड्या मात्रेत डोळ्याचा दाब उतरवतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातून आलेल्या लॅटानोप्रोस्टला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. माझ्या एका थेंबात या औषधाचे साधारण दीड मायक्रोग्रॅम असतात. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दीड. तेवढ्यावर माझा दाब उतरतो, तेवढ्यावरच माझा डोळा तपकिरी झाला. "प्रमाण अगदी नगण्य असतं हो" असं सीरम विकणारे सांगतात तेव्हा मला हा दीड मायक्रोग्रॅम आठवतो.

पापण्यांची गोष्ट लगेचच लक्षात आली. मरे जॉन्स्टन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने १९९७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात एकाच डोळ्यात लॅटानोप्रोस्ट घालणारे रुग्ण घेतले होते, म्हणजे माझ्यासारखे. औषधाच्या बाजूच्या पापण्यांचे केस लांब, जाड, दाट आणि गडद झालेले, दुसऱ्या बाजूचे होते तसेच. तुलनेसाठी तोच चेहरा हाताशी असल्याने शंकेला जागा उरली नाही. त्या वेळी हा दुष्परिणाम म्हणून नोंदवला गेला. दुष्परिणामाचा माल व्हायला फार काळ लागला नाही.

२००१ मध्ये याच कुळातलं बिमाटोप्रोस्ट काचबिंदूसाठी आलं. काही वर्षांतच ते कुणाच्या तरी पापण्यांच्या सीरममध्ये सापडलं. नोव्हेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या एका कंपनीच्या १२,६८२ नळ्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, सांगण्यावरून तिथल्या केंद्रीय मार्शलांनी जप्त केल्या. किंमत सुमारे वीस लाख डॉलर. आरोप साधा होता. हे औषध आहे, त्याला मान्यता नाही आणि ते प्रसाधन म्हणून विकलं जातंय. एफडीएने तेव्हा एक बारकावाही सांगितला होता. आमच्या धंद्यात तो फार मोलाचा आहे. ज्यांना काचबिंदूसाठी आधीच या कुळातलं औषध चालू आहे, त्यांनी वरून असं सीरम लावलं तर औषधाचा गुण कमी होऊ शकतो आणि डोळ्याच्या नसेला इजा पोचू शकते. एकाच कुळातली दोन औषधं एकत्र आली की जास्त फायदा होईलच असं नाही, उलटही होऊ शकतं.

त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २००८ मध्ये, तेच बिमाटोप्रोस्ट अमेरिकेत पापण्यांसाठीच रीतसर मान्य झालं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध म्हणून. २७८ जणांवर सोळा आठवडे चाचणी झाली. औषधवाल्या गटात ७८ टक्के लोकांच्या पापण्यांत फरक पडला, नुसतं द्रावण लावणाऱ्यांत १८ टक्के. डोळे लाल होणं, खाज सुटणं असे त्रास चार टक्क्यांहून कमी लोकांना झाले. हे आकडे मी मुद्दाम देतेय, कारण "असं काही डोळ्याला लावलं की आंधळं व्हायला होतं" असं ओरडणाऱ्यांतली मी नाही. पापण्यांच्या या औषधाचा थेंब माझ्या औषधासारखा डोळ्यात पडत नाही, तो पापणीच्या कडेला लागतो, डोळ्यात थोडाच झिरपतो. त्यामुळे धोकाही कमी. शिवाय ते औषध निर्जंतुक होतं, दर वेळी नवा ब्रश घ्यायचा होता, फक्त वरच्या पापणीला लावायचं होतं आणि खोक्यात धोक्यांची सगळी यादी होती.

इथून पुढे जे झालं त्याचा मला खरा राग आहे. मान्य झालेला रेणू वापरला तर ते औषध ठरतं, जप्ती येते. मग बाजाराने त्याची चुलतभावंडं शोधली. क्लोप्रोस्टिनॉलचं एस्टर हे त्यातलं एक. काचबिंदूवरच्या टाफ्लुप्रोस्ट या औषधाचं एक अमाइड हे दुसरं. त्याचं खोक्यावरचं नाव डीक्लोरो डायहायड्रॉक्सी डायफ्लुओरो इथिलक्लोप्रोस्टेनोलअमाइड, एका श्वासात वाचूनच होत नाही. मिथिलअमिडो डायहायड्रो नोरअल्फाप्रोस्टल हे तिसरं. माणसांसाठी औषध म्हणून यांची चाचणी होऊन मान्यता मिळालेली नाही. ज्या रेणूवर चाचण्या झाल्या, ज्याची मात्रा ठरली, ज्याचे दुष्परिणाम मोजले गेले, त्याला चिठ्ठी लागते. ज्याच्यावर तसं काहीच झालं नाही, ते मात्र लिपस्टिकच्या शेजारी मिळतं. आमच्या दुकानात मी चाचणी न झालेली गोळी विकली तर माझा परवाना जाईल आणि गेलाच पाहिजे.

अमेरिकी एफडीएने २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच आणखी एका कंपनीला पत्र लिहून सांगितलं की आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टिनेट असलेलं तुमचं सीरम औषधच ठरतं. त्यावर धंद्याने जाहिरातीची भाषा बदलली. "पापण्या वाढतात" ऐवजी "पापण्या भरगच्च दिसतात" असं लिहायचं. वाढ म्हटलं की शरीरावर परिणाम आला, नुसतं दिसणं म्हटलं की प्रसाधन झालं. नळीतला माल तोच. २०२२ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनीच काढलेल्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने अशाच सीरमवरून गेलेला सामूहिक दावा तीन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या तडजोडीत मिटवला. दुष्परिणाम आम्हाला सांगितले नाहीत, ही गिऱ्हाइकांची तक्रार होती. कंपनीने चूक मान्य केली नाही.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युरोपीय आयोगाच्या ग्राहक सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीने वर सांगितलेल्या तिन्ही घटकांवर आपलं मत दिलं. उत्पादकांकडून पुरेशी माहितीच न आल्यामुळे ते सुरक्षित आहेत असं समितीला म्हणता आलं नाही. हे पदार्थ अतिशय कमी मात्रेत शरीरावर काम करतात आणि ते डोळ्याच्या अगदी जवळ लावले जातात, याची चिंताही तिने नोंदवली. लक्षात घ्या, मागितल्यावरही सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा आला नाही. आणि हे घटक त्या आधी कित्येक वर्षं बाजारात होते.

आता होतं काय ते बघू. डोळे लाल होणं, खाज येणं हे नेहमीचं, बंद केलं की थांबतं. पापणीची कातडी काळवंडते, तीही बहुधा हळूहळू निवळते. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचं तसं नाही. तिथल्या रंगपेशींत रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि ते साठून राहतं. म्हणून औषध बंद केलं तरी रंग परत येत नाही. सगळ्यात जास्त बदलतात मिश्र रंगाचे डोळे, हिरवट-तपकिरी, पिवळट-तपकिरी. म्हणजे आपल्याकडे ज्यांना घारे म्हणतात त्यातले पुष्कळ. मुळात काळेभोर असलेल्या डोळ्यात काही दिसत नाही, त्यामुळे "आपल्याकडे कुणाला झालेलं ऐकलं नाही" असं म्हणणं सोपं जातं. कोकणस्थांच्या एखाद्या लग्नाच्या मांडवात उभं राहून बघा म्हणावं.

पण मला विचाराल तर रंगापेक्षा खळगा वाईट. वरच्या पापणीमागे चरबीची मऊ गादी असते. या औषधांनी ती झिजते, पापणी आत ओढली जाते, डोळा खोल गेल्यासारखा दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे २००४ पासून नोंदवायला सुरुवात केली आणि आता त्याला नावही आहे. औषध बंद केल्यावर काहींची चरबी थोडीफार भरून येते, सगळ्यांची पूर्ण येतेच असं नाही. पंचविशीतल्या मुलीने सुंदर दिसायला घेतलेली नळी तिला चाळिशीचा डोळा देऊ शकते. त्या नळ्यांच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो. त्यात पापण्यांचे केस मोठे करून दाखवतात, भुवईखालचा भाग कापलेला असतो. एकदा ध्यानात आलं की मग दर फोटोत तेवढंच दिसतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येणं, डोळ्याच्या आतली जुनी सूज किंवा नागिणीच्या जातीतला संसर्ग पुन्हा उसळणं हे क्वचित होतं. पण डॉक्टर हे औषध देण्याआधी नेमकं हेच विचारतात. पार्लरमध्ये कुणी विचारत नाही.

"काकू, तुम्ही स्वतः तेच वापरता आणि आम्हाला नको म्हणता," असं त्या मुलीने मला सुनावलं. प्रश्न रास्त होता. माझ्या तराजूत एका पारड्यात रंग, खळगा आणि लाल डोळा आहे, दुसऱ्यात नजर. तिच्या दुसऱ्या पारड्यात काही महिने टिकणारे लांब केस आहेत. सीरम सोडलं की पापण्या काही आठवड्यांत-महिन्यांत मूळपदावर येतात, कारण या औषधाने नवे केस उगवत नाहीत, आहेत त्या केसांचा वाढीचा काळ लांबतो. म्हणजे लांब पापण्या हव्या असतील तर नळी कायम लावावी लागते. कंपन्यांना हे गिऱ्हाईक किती आवडत असेल! नटण्यावर माझा काही आक्षेप नाही. मी स्वतः अजून काजळ लावते, उजव्या डोळ्याला थोडं कमी, पापण्याच इतक्या काळ्या झाल्यात. पण सौदा करायचा तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते दिसलं पाहिजे.

या औषधाची खरी गरज असलेलेही आहेत. केमोथेरपीत पापण्या, भुवया सगळं जातं. एक शिक्षिका आमच्याकडून औषधं न्यायची. केस गेले त्याचं नाही, पापण्या गेल्या त्याचं वाईट वाटतं, असं ती म्हणायची, कारण विगने डोकं झाकता येतं, चेहरा नाही. अशा बाईला डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून, चिठ्ठी लिहून बिमाटोप्रोस्ट दिलं तर मी आनंदाने देईन. म्हणून बंदीची हाक मी देत नाही. ज्याच्यामुळे शरीर बदलतं त्याला औषध म्हणा आणि औषधासारखं वागवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि दुकानदारांनीही आरशात बघावं. बिमाटोप्रोस्टच्या काचबिंदूच्या बाटल्या आपल्याकडे बनतात, परदेशी औषधाच्या मानाने स्वस्त असतात आणि मस्काराचा ब्रश सोबत टाकून इंटरनेटवरून जगभर जातात. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने येताना अर्धा डझन आणायला सांगितल्या, तिथे पापण्यांचं औषध परवडत नाही म्हणून. इथेही मुली नाव घेऊन मागतात. खोक्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं आणि तरी ते विकलं जातं, हे मी या धंद्यात राहून नाकारू शकत नाही. भाचीला नाही म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मग ऑनलाइन मागवते."

आपल्याकडचा कायदा या नळीकडे कसा बघतो? १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे प्रसाधनांचे नियम. प्रसाधन बनवण्याचा परवाना राज्य देतं, परदेशी प्रसाधनाची नोंदणी केंद्राकडे होते. कायद्याच्या व्याख्येत शरीर स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, आकर्षक करणारी किंवा रूप बदलणारी वस्तू म्हणजे प्रसाधन. पापण्यांचं सीरम यात आरामात बसतं. औषधाची व्याख्या रोग बरा करण्यापासून सुरू होते आणि आखूड पापण्या हा काही रोग नाही. प्रसाधनांतल्या शिशाबद्दल कायदा स्पष्ट बोलतो. या रेणूंबद्दलही तो तितकाच स्पष्ट बोलला पाहिजे.

हे आपण एकदा भोगलंय. चेहरा उजळायला म्हणून स्टेरॉइडची क्रीमं वर्षानुवर्षं कुणालाही मिळत होती. मुलींची तोंडं लालबुंद झाली, कातडी कागदासारखी पातळ झाली, क्रीम सोडलं की आग व्हायची म्हणून पुन्हा लावायची. त्वचारोगतज्ज्ञ ओरडत राहिले आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीमना शेड्यूल एचमध्ये घातलं. दुकानात बसणाऱ्या मला तो फरक दिसला. पूर्ण थांबलं नाही, पण "दे रे एक ट्यूब" म्हणणाऱ्याला चिठ्ठी मागायला आधार मिळाला. पापण्यांच्या सीरमबाबतीतही इतकी वर्षं थांबायचं का?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रोस्टाग्लँडिन आणि त्याची सगळी भावंडं, नावात काहीही फेरफार केलेली असोत, प्रसाधनांत वापरायला मनाई असलेल्या घटकांच्या यादीत घाला. रेणूचं एकेक नाव घेऊन मनाई केली तर बाजार पुढचं भावंड आणेल, म्हणून मनाई कुळाला हवी. हे होईपर्यंत अशा सीरमच्या खोक्यावर दर्शनी बाजूला, मराठी-हिंदीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा की डोळ्याचा रंग कायमचा बदलू शकतो, पापणी खोल जाऊ शकते, गरोदरपणात आणि काचबिंदूत वापरू नये. तिसरी मागणी नोंदीची. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने प्रसाधनांच्या कंपन्यांना गंभीर दुष्परिणाम पंधरा कामकाजाच्या दिवसांत कळवणं सक्तीचं केलं आणि रूपात टिकून राहणारा किंवा मोठा बदल हाही गंभीर धरला. माझा डोळा प्रसाधनाने तपकिरी झाला असता तर तो त्या व्याख्येत बसला असता. प्रसाधनाने डोळ्याचा रंग बदलला तर आपल्याकडच्या बाईने कुठे कळवायचं, हे आमच्या गल्लीतल्या एकाही दुकानदाराला सांगता येणार नाही.

आजीच्या एरंडेलाचं काय, असं कुणी विचारेल. एरंडेलाने पापण्या चमकतात, केस वाढल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पण रंगही बदलत नाही.

ज्यांच्या कपाटात अशी नळी आधीच आहे त्यांनी खोकं फेकू नये. घटकांची यादी भिंगाने शेवटपर्यंत वाचावी. कुठे "प्रोस्ट" दिसलं तर सीरम थांबवावं. उजेडात, समोरून, भुवया दिसतील असा डोळ्यांचा फोटो काढून ठेवावा आणि तो जुन्या फोटोशी ताडून बघावा. मग खोकं घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. तिथे डोळ्याचा दाब मोजतील. त्याआधीच सीरमचं नाव आणि ते किती महिने लावलं हे सांगावं, कारण या कुळातल्या औषधाने दाब खाली आलेला असू शकतो आणि मग मोजलेला आकडा तुमच्या डोळ्याचा की नळीतल्या औषधाचा, हे त्यांना कळणार नाही.